पणजीचा फोटो दुरुस्त करताना

तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर मला नेहमी विचारता, दुपारभर त्या कॉम्प्युटरवर तू करतेस तरी काय. मी काहीतरी अर्धवट सांगते, कारण तुमच्याकडे तेव्हा शाळेला निघायची घाई असते. म्हणून आज नीट लिहायला बसले आहे. मराठीतच लिहिते, अडेल तिथे आईला विचारा.

मी तुमच्या पणजीचा फोटो दुरुस्त करत होते. पणजी म्हणजे तुमच्या आजोबांची आई. मी तिला कधी पाहिलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या कितीतरी आधी ती गेली होती. आजोबा तेव्हा इतके लहान होते की त्यांनाही तिचा चेहरा आठवत नसे. हात आठवतात, असं म्हणायचे. आता आजोबाही नाहीत. तो चेहरा प्रत्यक्ष पाहिलेलं एकच माणूस उरलं आहे, आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या सांगलीला राहतात, नदीपासून बऱ्यापैकी लांब, पण पुरासाठी तेवढं लांब पुरत नाही.

फोटो त्यांच्याकडेच असायचा, भिंतीवर, लाकडी चौकटीत. पणजी अहेवपणी गेली, म्हणजे नवरा, वन्संचे आण्णा, हयात असताना. अशा बाईच्या फोटोला आपल्याकडे सणावाराला हळदकुंकू लावतात. चौकटीची काच कधीतरी तडकली, ती काढली, नवी बसवायची राहून गेली, आणि वन्सं बोटाने थेट कागदावरच कुंकू टेकवत राहिल्या. त्याचा कपाळावर एक गडद लाल थर बसला होता. मग एका वर्षी पुराचं पाणी घरात शिरलं. चिखलातून फोटो हाती लागला तेव्हा ओठांपासून हनुवटीपर्यंतचा भाग कागदावरून निघून गेला होता आणि गालांवर तपकिरी नकाशे उमटले होते; कुंकवाचा थर मात्र टिकला होता.

वन्संनी तो वाळवला, साडीच्या घडीत ठेवला आणि त्याबद्दल कुणाशी बोलल्या नाहीत. पण अलीकडे त्यांचे डोळे बिघडले. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, असं डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, समोरचं जातं. समोर बसलेल्या माणसाचे खांदे दिसतात, कान दिसतात, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. तो धूर हळूहळू पसरत जाईल. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी घडीतून तो फोटो काढून माझ्या हातात ठेवला.

"वयनी, तू शिकलेली हाईस. डोळं हाईत तवर आयचं त्वांड मला एकदा नीट बघू दे."

मी हो म्हणाले. साताऱ्याला परत येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर फोटो स्कॅन केला. मग तुम्ही सुचवलेलं ते मोबाइलवरचं ॲप घेतलं. एक बटण दाबलं की झालं, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि ते खरंच होतं. पडद्यावर एक वर्तुळ फिरलं आणि कुणी ओल्या फडक्याने खिडकी पुसावी तसा आतून एक चेहरा वर आला. डाग गेले, भेगा गेल्या. गाल तुकतुकीत. नाहीशा झालेल्या ओठांच्या जागी ओठ आले, तेही जरासे हसरे, आत दातांची सरळ ओळ. मला स्वच्छ गोष्टी आवडतात, हे तुम्हाला माहीत आहे. मी खूश होऊन त्याची मोठी प्रत छापून आणली आणि पुन्हा सांगलीची गाडी धरली.

तो प्रवास मला अजून एखाद्या स्वप्नासारखा आठवतो. कराड मागे पडलं, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर खिडकीतून आत आला, आणि पाकिटातली ती अनोळखी सासू माझ्याबरोबर प्रवास करते आहे असं वाटत राहिलं. मनातल्या मनात मी तिला काही विचारतही होते. काय विचारत होते ते मात्र उतरताना विसरले.

वन्सं पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी प्रत हातात घेतली आणि मान वळवून भलतीकडेच, कपाटाकडे पाहू लागल्या. त्या बघतच नाहीत असं मला वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की सरळ बघितलं की चेहरा जातो. डोळ्याच्या कोपऱ्यातून चोरून बघितलं तर येतो. तशा त्या बराच वेळ कपाटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कोण म्हणायची?"

मी सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. जन्मभर मिश्री लावलेल्या बाईचे दात काळे कुळकुळीत होते, हे असले पांढरे शुभ्र दात गावात फक्त एका मास्तरणीचे होते, आणि ते बसवलेले होते, असं त्यांनी मला ऐकवलं. मीही हसले. मग त्यांचं बोट प्रतीवरून चाचपत वर गेलं आणि कपाळावर थांबलं. हसू गेलं.

"आन कुकू कुटं हाय?"

ॲपला लाल डाग दिसला होता आणि डाग म्हणून त्याने तो पुसला होता. मी ती प्रत कितीदा निरखली होती, पण माझ्याही नजरेला कपाळ स्वच्छ झालं एवढंच दिसलं. सवाष्ण गेलेल्या बाईला मी मोकळ्या कपाळाने तिच्या लेकीपुढे आणून बसवलं होतं.

"आण्णा जित्तं असताना तिचं कपाळ पुसलंस, वयनी," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी प्रत पालथी करून उशीशेजारी ठेवली आणि मला चहा घेणार का विचारलं.

त्यानंतर मी शहाण्यासारखी सॉफ्टवेअर निवडायला बसले. आधी मी विचारत होते की कुठलं सर्वांत छान करून देतं. आता विचारायचं होतं की कुठलं न विचारता काही करत नाही.

कॉम्प्युटरवर एक नावाजलेलं होतं. दर महिन्याचं भाडं, आणि फोटो त्यांच्याकडे कुठेतरी लांब साठवून ठेवणार. चाचणीपुरतं उघडून बघितलं. नाहीशी झालेली जागा भरून दे म्हटलं, तर त्याने मला निवडीला तीन तोंडं दिली. तिन्ही बायका देखण्या होत्या आणि तिघींपैकी एकीशीही आपलं काही नातं नव्हतं. मोबाइलवरचं आणखी एक होतं, ते प्रत्येक फोटोला संध्याकाळ करून टाकायचं. नुसतं बघायला मला आवडायचं, पण कामाचं नव्हतं. शेवटी एक फुकटचं सापडलं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, दिसायला कळाहीन, कडेला बारीक चित्रांची गर्दी, आणि आपण सांगितल्याशिवाय ढिम्म हलत नाही. पहिल्या दिवशी मला त्यात एक रेघ ओढता आली नाही.

पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे थर. मूळ फोटो तळाला तसाच राहतो, आपण केलेली प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर वेगळ्या पारदर्शक कागदासारखी बसते, आणि शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली की ती दुरुस्ती दिसेनाशी होते. खाली पणजी आहे तशी. दुसरी म्हणजे शिक्का. फोटोतलीच चांगली जागा उचलायची आणि फाटलेल्या जागी टेकवायची. बाहेरचं काही आत येत नाही. मी तेच घेतलं. तुम्हाला ते संथ वाटेल. मला तो संथपणाच हवा होता.

मग माझ्या त्या दुपारी सुरू झाल्या. जेवण आवरलं, ओटा पुसला की मी खिडकीजवळ बसायची. बाहेर साताऱ्याचा किल्ला उन्हात पेंगत असायचा. फोटो मोठा करत नेला की त्याचा चेहरा राहत नाही. करडे चौकोन होतात, मग नुसता डोंगराचा उतार, विमानातून दिसतो तसा. मी त्या उतारावरून फिरायची. इथे पुराचा तपकिरी ओघळ, त्याच्या काठाने थोडं थोडं भरत जायचं. कुठे आहोत ते कळायचं नाही. मग मागे सरकून पाहावं तर ती भुवई असायची. कधी कानातल्या बुगडीच्या मोत्यात अडकून पडायची, त्या मोत्यात एक पांढरा ठिपका होता, बहुधा स्टुडिओच्या दाराचा उजेड. त्या दारातून आत गेलं तर ती दुपार सापडेल असं वाटायचं. डोळा लागायचा. जागी झाले तरी बोट माऊसवरच, आणि ती माझ्याकडे बघत असायची.

कुंकवाला मी हात लावला नाही. उलट आजूबाजूचे ओलीचे डाग काढले, तेव्हा ते आपसूक ठसठशीत झालं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळ तीन काळपट ठिपके सापडले. ते गोंदण होतं; पहिल्या ॲपने तेही पुसलं होतं. फोनवर वन्संना सांगितलं. ते त्या स्वतःच विसरून गेल्या होत्या, म्हणाल्या.

ओठांचं मात्र काही जमेना. वन्संना फोनवर विचारलं, पातळ होते की जाड? त्यांना सांगता येईना. त्या सांगायच्या की आई दुधावरची साय एका फुंकरीने बाजूला करायची, की रागावली तर बोलायचीच नाही, नुसती बघायची. यातून ओठ कसे काढणार? शेवटी मी वन्संच्याच लग्नातल्या फोटोमधले ओठ उचलले, मिटलेले, आणि एका वेगळ्या थरावर बसवले. लेक आईवर गेली असेल, असा हिशेब केला. चेहरा पुरा झाला. मला तरी पटला.

या खेपेला प्रत छापली नाही. तेच थर उघडणारं एक लहान ॲप टॅबलेटवर मिळालं होतं, तो टॅबलेटच घेऊन गेले. वन्संना मी काळ्यापांढऱ्यातला फरक वाढवून दाखवला, उजेड चढवला. त्यांनी टॅबलेट डाव्या खांद्याजवळ धरला आणि नजर दाराकडे लावली. मग तो इंच इंच सरकवू लागल्या, आरशात उन्हाची तिरीप धरावी तशा. एका जागी हात थांबला.

"कपाळ हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "बुगडी हाय." मग टॅबलेट आणखी जरा सरकला.

"वयनी, हे त्वांड माजं हाय. माजं चिटकीवलंस व्हय आयला?"

त्यांना हसू येत होतं आणि त्या हसत नव्हत्या. मी ओठांच्या थराशेजारच्या डोळ्याच्या चित्रावर बोट टेकवलं. ओठ गेले, आणि खालची कागद उडालेली पांढरी जागा परत आली. माझ्याकडे आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. ती जागा कुणालाच माहीत नाही, मलाही नाही आणि त्या यंत्रालाही नाही, असं म्हणाले.

त्या दाराकडेच बघत होत्या. मग हळूच, जणू बाहेर उभ्या असलेल्या कुणाविषयी सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की फोटो काढायला त्याही आईबरोबर गेल्या होत्या. मिश्रीचे दात दिसू नयेत म्हणून आई परक्या माणसापुढे पदराचं टोक दोन बोटांत धरून तोंडावर घ्यायची. स्टुडिओतही तशीच बसली होती. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला, तेव्हा तिने पदर सोडला. घरी येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

"पदर वड तिचा," वन्सं म्हणाल्या. "तिला हवा हुता तसा."

पदर फोटोत होता. डोक्यावरून खांद्यावर उतरलेला, बारीक काठाचा, पुराने जवळजवळ न शिवलेला. मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसून बोटाने ते कापड उचललं आणि टेकवत गेले. खांद्यावरून गालाशी, गालावरून त्या रिकाम्या जागेवर. सुती कापडाची वीण जुळवून घ्यायला वेळ लागला. सुरकुती कुठून कुठे जाईल याचा अंदाज मला माझ्या आईवरून, मावश्यांवरून होता. वन्संनी मधे एकदाही झालं का म्हणून विचारलं नाही. काठ नाकाच्या खाली येऊन टेकला तेव्हा मी हात काढला. मलाही ती तेव्हा पहिल्यांदा दिसली. एक लाजरी, जराशी हट्टी बाई, फोटोवाल्याकडे न बघता त्याच्या मागच्या दाराकडे बघणारी.

टॅबलेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पुन्हा खांद्याजवळ नेला, नजर बाहेर अंगणात सोडली, आणि सरकवत सरकवत एका जागी धरला.

"आली," त्या म्हणाल्या.

हात दुखत असणार, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. मी त्यांच्या कोपराखाली उशी सरकवली. बॅटरी वाचवायला पडदा थोड्या थोड्या वेळाने मंद व्हायचा आणि विझायला लागायचा. ती सेटिंग कुठे बदलायची ते मला माहीत आहे. पण मी बदलली नाही. प्रत्येक वेळी वाकून कडेला एक बोट लावत राहिले, म्हणजे तो पुन्हा उजळायचा. बाहेर अंगणातलं ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.