भिंतीवरची मिशी

पेंटरबाईंना दारूचा भारी तिटकारा. खोकल्याचं औषधसुद्धा त्या वास घेऊन मगच घरात ठेवत. दारूच्या कंपनीची जाहिरातीची भिंत मात्र वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. बाटली तीच, लेबल तेच, खाली फक्त 'सोडा' असं लिहायचं, की कायदाही खूश आणि बाईंचं मनही खात नसे. "मी रंग लावते, कुणाला पाजत नाही," असं त्या ठणकावून सांगत.

अडचण एकच. समोर माणूस असल्याशिवाय बाईंना चेहरा जमत नसे, आणि फुकटात उभं राहणार कोण? घरचंच लेकरू! चौदा वर्षांच्या लेकाच्या हातात त्यांनी सरबताचा ग्लास दिला. धाकटी लेक शेजारी खिदळत बसली होती.

"मान मागे टाक. डोळे बारीक. आता हस, पण सगळे दात नकोत!" पोराला जमेपर्यंत बाईंनी पिच्छा सोडला नाही.

कंपनीचे साहेब म्हणाले, "झकास! फक्त जरा लहान दिसतोय हो." बाईंनी ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत मिशी रंगवली आणि पोराचा बाप्या झाला.

भिंत नेमकी शाळेसमोरची. मिशीमागचा चेहरा पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखला आणि लेकाचा भाव वधारला. त्यानं थेंबही चाखला नव्हता, पण "तुला काय, रोजचंच!" म्हणून वरच्या वर्गातली पोरं मान देत असताना हे सांगतो कोण?

सोळाव्या वर्षी त्याला खरी मिशी फुटली आणि एका संध्याकाळी दोन मित्रांनी त्याला धरून दारात आणून सोडलं. बाईंना वास घ्यावाही लागला नाही.

"कुणी शिकवलं तुला? नाव सांग मला त्याचं!"

लेकानं ओट्यावरचा पाण्याचा ग्लास उचलला. मान मागे टाकली, डोळे बारीक केले आणि हसला. सगळे दात दिसले नाहीत.

सकाळी शिडी लावून त्या तो चेहरा पांढऱ्या रंगानं पुसत होत्या, तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली.

"बरं केलंत, नवा चेहरा हवाच होता. तुमची धाकटी हसते छान."

"तुम्हालाही मुलगी आहे ना, साहेब? तिलाच पाठवा की. सोडाच तर आहे."

साहेब एकदम दचकले.

"छे छे, बाई! आमच्या घरी असलं चालत नाही हो."