हॉलमधला कॅमेरा

नागपूरच्या विमानतळावर प्रवाशांशिवाय कोणालाच आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप बाहेर फुटपाथवरच घ्यावा लागतो. मी लंडनला निघाले तेव्हा आई घरूनच रडून आली होती. बाबा ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी हात मागे बांधून उभे होते. म्हणाले, "पोचली की फोन कर. मिस कॉल दिला तरी चालेल." शिपायाने माझं तिकीट पाहिलं आणि मी आत गेले. काचेतून वळून बघितलं तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. रस्त्याच्या कडेला कुठेतरी पाण्याची लाईन फुटली होती, तिकडे त्यांचं लक्ष होतं. ते महापालिकेच्या पाण्याच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावरही कुठे पाणी वाहताना दिसलं की त्यांची मान आपोआप वळायची.

दादा माझ्या आधीच अमेरिकेला गेला होता. घरातलं एक मूल गेलेलं असलं की दुसऱ्याच्या वेळी आईबापांना सगळं पाठ असतं: किती किलोची बॅग, कोणतं लोणचं चालतं, कोणत्या वारी फोन करायचा. तुमच्यापैकी ज्यांची धाकटी भावंडं मागून निघाली, त्यांच्या घरीही असंच झालं असेल.

मी आले इंग्लंडला, पण माझा बराचसा दिवस अमेरिकेतच जातो. कंपनी अमेरिकन, माझी मॅनेजर केली डेन्व्हरला बसते. ती प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला "हाऊ आर यू" विचारते आणि उत्तर यायच्या आत पहिल्या मुद्द्यावर जाते. सुरुवातीला मी खरंच उत्तर द्यायला लागायचे. आमच्या लंडन ऑफिसातला इंग्रज माणूस फार खूश झाला की "नॉट बॅड" म्हणतो. केलीला मी साधी फाईल पाठवली तरी ते "अमेझिंग" असतं. पहिल्या वर्षी मी ते अमेझिंग घरी येऊन नवऱ्याला, अमितला सांगितलं होतं. नंतर सांगायचं सोडलं. आमची एक टीम एका सकाळी कामावरून काढली, तेव्हाही मेलच्या सुरुवातीला "डिअर फॅमिली" होतं. मी ते वाचलं, चहा केला, आणि काम पुढे सुरू केलं.

आमची मुलगी सांची इथे लंडनच्या हॅरो भागात जन्मली, पण बोलते एखाद्या अमेरिकन पोरीसारखी, कारण बोलायला ती टॅबलेटवरचे व्हिडिओ बघून शिकली. कचऱ्याच्या बिनला ट्रॅश म्हणते. तिच्या टीचरने पेरेंट्स ईव्हनिंगला हसत हसत तक्रार केली. मराठी येतं तिला, पण अंदाजाने. फोनवर विचारायची, "आजोबा, तुमची गुडघा कसा आहे?" बाबा म्हणायचे, "माझी गुडघा एकदम बरा आहे." तिची चूक त्यांनी कधी सुधारली नाही.

एका उन्हाळ्यात आईबाबा दादाकडे टेक्सासला गेले, आणि आम्हीही तिघं सुट्टी काढून तिकडे पोचलो. डॅलसच्या बाहेर नवीन वसवलेली कॉलनी. घरं मोठी, रस्ते रुंद, आणि रस्त्यावर माणूस नाही. माणसं गॅरेजमधून गाडीत बसूनच बाहेर पडतात आणि गाडीतूनच गॅरेजमध्ये परत शिरतात. शेजाऱ्याचं नाव दादाला माहीत होतं, चेहरा नीट आठवत नव्हता.

बाबांना पहाटे फिरायची सवय. तिथे ऊन चढायच्या आत ते एकटेच निघायचे. प्रत्येक घरापुढे हिरवळ, आणि हिरवळीत जमिनीतून आपोआप वर येणारे पाण्याचे फवारे. बाबा थांबून बघायचे. एका घरापुढे ते वाकले, फवाऱ्याचं तोंड कसं बसवलंय ते बघितलं, आणि पुढे गेले.

त्या घराच्या बेलमध्ये कॅमेरा होता. तासाभरात कॉलनीच्या अ‍ॅपवर बाबांचा फोटो आला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, वाकलेले. खाली लिहिलं होतं की हा माणूस आपल्या भागात फिरतोय, कोणी ओळखतं का, पोलिसांना कळवायचं का. पुढे बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. एकाने आपल्या बेलमधलाही फोटो टाकला होता, आदल्या दिवशीचा.

आम्ही नाश्त्याला बसलो असताना दादाने ते बघितलं. त्याने खाली लिहिलं की हे माझे वडील आहेत, भारतातून आलेत, सॉरी फॉर द कन्फ्यूजन. लगेच बदाम आणि हसरे चेहरे आले. एका बाईने लिहिलं, तुमचे डॅड किती क्यूट आहेत. दादाने हसत फोन बाबांच्या पुढे धरला. बाबांनी चष्मा लावून स्वतःचा फोटो नीट बघितला, आणि तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते बाहेर गेले नाहीत. पहाटे उठून गॅरेजचं दार वर करायचे आणि आत खुर्ची टाकून बसायचे. आईने विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो.

आईबाबा परत यायच्या आधी दादाने तसलेच दोन कॅमेरे विकत घेतले, एक नागपूरच्या हॉलसाठी आणि एक दारासाठी. आईबाबांचं वय होतंय, आपण दोघंही लांब, निदान दिसतील तरी, असं तो म्हणाला. मलाही पटलं. बाबांनी भिंतीवर जागा स्वतः दाखवली, दिवाणाच्या समोर, वर. अ‍ॅप माझ्या फोनवर आलं आणि मग ते माझ्या दिवसाचा भाग झालं. हॅरोहून ऑफिसला जाताना मेट्रोपॉलिटन लाईनच्या गाडीत बसायला जागा मिळाली की मी नागपूरचा हॉल उघडायचे. तिकडे दुपार. बाबा दिवाणावर आडवे, आई तांदूळ निवडताना. कॅमेऱ्यातून बोलताही यायचं, पण मी बोलत नसे. गाडीत लोक असत, आणि बोलण्यासारखं काही नसे. दिसताहेत ना, मग बरं आहे, एवढ्यावर माझं समाधान होई. फोन करणं हळूहळू कमी झालं. दादाचंही तसंच झालं असावं.

त्या दिवशी हॉल उघडला तेव्हा दिवाण रिकामा होता आणि बाबा जमिनीवर पडलेले होते. एक हात अंगाखाली अडकलेला. आई बुद्धविहारात गेली होती, तिचा फोन लागेना. मी शेजारच्या मेश्राम काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मागच्या दाराने जाते, तू ठेव. गाडी फिंचली रोड स्टेशनला थांबली होती. तिथून पुढे बोगदा आहे, रेंज जाते. मी उतरले. गाडी गेली, आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं.

"बाबा, मेश्राम काकू येऊन राहिल्या. हलू नका."

त्यांनी डोळे वर केले. भिंतीकडे, बरोबर माझ्याकडे.

"ऑफिसला नाही गेली का आज?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

मी म्हटलं, जातेय. ते म्हणाले, बरं.

मग काकू आल्या, त्यांचा मुलगा आला, आणखी कोणकोण आले. कॅमेऱ्यात सगळ्यांची डोकीच दिसत होती. बाबांना उचलून नेलं आणि हॉल रिकामा झाला. पंखा फिरत होता. तरी मी बघत राहिले. शेजारी उभ्या एका गोऱ्या माणसाने विचारलं, मी ठीक आहे ना. मी म्हटलं, "फाइन, थँक यू." मला वाटतं तेव्हा ते खरंही होतं. मला काही होत नव्हतं. हात थंड पडले होते, एवढंच.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी त्याच संध्याकाळी निघाले. मुंबईला विमान बदलायच्या रांगेत फोन सुरू केला तेव्हा फॅमिली ग्रुपवर लोक श्रद्धांजली वाहत होते. मी बूट काढले, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवला, पलीकडे जाऊन बूट घातले.

दादा येऊ शकला नाही. त्याचे व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर पडला तर परत शिरता येईल याची खात्री नव्हती. चुलतभावाने दहनघाटावर फोन उंच धरला होता, त्यातून दादा बघत होता. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि फोनमधून दादाचा आवाज अर्धा शब्द मागे येत होता. केलीचा मेसेज आला, टेक ऑल द टाइम यू नीड. पुढच्या सोमवारच्या मीटिंगचं निमंत्रणही त्याच दिवशी आलं. तिच्यावर राग आला नाही. सोमवारी मी नागपूरहूनच ती मीटिंग केली. आवाज बंद ठेवला होता, कारण बाहेर माणसं भेटायला येत होती.

परत हॅरोला आल्यावर लोक विचारत, मी कशी आहे. मी म्हणायचे, नॉट बॅड. रडू येईल म्हणून मी वाट बघितली. भांडी घासताना, गाडीत, बाथरूममध्ये. आलं नाही. सांचीने एकदा विचारलं, "मॉम, आजोबा आता कॅमेऱ्यात नाही येणार?" मी म्हटलं, नाही. ती परत तिच्या व्हिडिओकडे वळली.

दादाने तो दिवस अ‍ॅपमधून उतरवून ठेवला होता. महिन्यानंतर कंपनी जुनं चित्रण पुसून टाकते, म्हणून. त्याने मला विचारलं, तुला पाठवू का, त्यात तुझाही आवाज आहे. तो ते पुन्हा पुन्हा बघत होता. मी नको म्हटलं. बाकी आम्ही फार बोललो नाही. हॉलमध्ये आता आई एकटी असायची. फोन सांगायचा, हॉलमध्ये व्यक्ती दिसली. मी उघडून बघायचे. आई दिवाणाच्या एका टोकाला बसलेली असायची, टीव्ही बंद.

पावसाळ्यानंतर एके दिवशी हॉलमधला कॅमेरा बंद पडला. आम्हा दोघांनाही एकदमच सूचना आली. आईने फोन उचलला नाही. संध्याकाळी उचलला, आणि आम्ही तिघं एकत्र कॉलवर आलो. आईने शांतपणे सांगितलं की गोंदियाकडच्या दोन मुली बाबांच्या खोलीत राहायला आल्यात, नर्सिंग शिकतात. पोरींच्या अंगावर कॅमेरा नको, म्हणून मेश्रामच्या मुलाकडून काढून घेतला, दाराचाही काढणार आहे.

दादा चिडला. मुली कोण, कुठल्या, त्यांचं बॅकग्राउंड चेक केलं का, आम्हाला विचारलं का नाही. आता काही झालं तर आम्हाला कळणार कसं. मीही म्हटलं, आई, निदान दाराचा तरी राहू दे.

आईने दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं बघून राहिले, ते मला माहीत होतं. मी साडी नीट करून बसायची. पण घरात कोणी आहे असं कधी वाटलं नाही. या पोरी माझ्याकडे बघत नाहीत. पण आहेत."

दादा म्हणाला की त्याची मीटिंग आहे. मीही ठेवला. अमितने विचारलं, काय म्हणाल्या आई. मी सांगितलं. बाबांच्या वेळी जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं, स्वयंपाकघरात, उकळत्या भाताजवळ. अमितने गॅस बंद केला.

मी अ‍ॅप काढून टाकलं. गाडीत आता खिडकीबाहेर बघते. वेम्बली, नीसडन, लोकांच्या मागच्या अंगणातले कपडे. मला कोणी घर कुठे विचारलं तर मी हॅरो म्हणते, आणि ते खोटं नाही. सांचीचं ते घर आहे. नागपूरला मी पूर्वी सांगितल्याशिवाय कधीही आत शिरायचे, निदान फोनमधून. आता मात्र आधी विचारते की कधी आलं तर सोयीचं होईल. दादा अजून रागावलेला आहे, पण रविवारी आईला फोन करतो असं आईनेच सांगितलं.

डिसेंबरात मी एकटीच गेले. माझी पथारी हॉलमध्ये, दिवाणावर. पहिल्या सकाळी उठले तर दारात चार-पाच चपलांचे जोड होते, आणि एक मुलगी, रोशनी नावाची, आमच्याच स्वयंपाकघरातून चहाचं भांडं हातात घेऊन बाहेर आली. तिने मला विचारलं, "ताई, तुम्हाला साखर किती?"

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "साखर सोडली मी."

"कधी?" आईने विचारलं.

मी म्हटलं, झाली काही वर्षं. आई उठली, दिवाणावर माझ्या पायाशी येऊन बसली, रजई जरा बाजूला सारली आणि म्हणाली, "कशामुळे? सांग."

रोशनीने साखर टाकायच्या आधी माझा चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. तो फार गरम होता. मी तो दोन्ही हातांत धरला आणि आईला सांगायला लागले.