सात न फोडलेली पाकिटे

ती घटना आठवली की आजही मला पत्र्याच्या पेटीतली ती सात पाकिटे दिसतात.

मी तेव्हा आर्थिक गुन्हे शाखेत होतो. माल न देता नुसती बिले विकणाऱ्या एका फर्मविरुद्ध गुन्हा दाखल झाला होता. कागदोपत्री मालकीण पुंडलिकनगरातली एक मुलगी, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली. आरोपी क्रमांक एक तीच.

शहागंजातला माझा खबरी मात्र वेगळेच सांगत होता. ‘बाई कोनीच पाहिली नाय, साहेब. बिलं घेऊन तिचा नवराच येतो.’

महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला. नवऱ्याविरुद्ध ती अवाक्षर काढेना. अशा बायका मी खूप पाहिल्या. मला त्यांचा रागही येतो आणि कीवही. तासाभराने एवढेच म्हणाली, ‘लग्नानंतर पॅन कार्डावरचं नाव बदलायचं म्हणाले. दाखवलं तिथं सह्या केल्या.’

नवरा चलाख होता. आयकराच्या नोटिसा तिच्याच नावाने गेल्या, तिला सगळे ठाऊक होते, असे त्याने ठासून सांगितले. नोटिसा गेल्या होत्या हे खरे. पण नाव बदलायचा अर्ज कधी भरलाच गेला नव्हता; त्या सह्यांवर फर्म उघडली होती. पॅन कार्डावर नाव माहेरचे, पत्ताही माहेरचा, चितेगावचा. मी चितेगाव गाठले.

तिच्या वडिलांनी पत्र्याची पेटी उघडली. सात पाकिटे, एकही फोडलेले नाही.

‘लेक नांदत व्हती, साहेब. सरकारी पाकीट घेऊन तिच्या दारात कसं जावं? सासरचे काय म्हनले असते?’

तीच पाकिटे तिच्या बाजूचा पुरावा ठरली. फर्मच्या नोंदणीत दिलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा निघाला, तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला. तिचे नाव आरोपींतून वगळले गेले आणि ती माहेरी परतली. वडिलांनी मला एकदाच विचारले, ‘पहिलंच फोडलं असतं तर?’ पहिल्याच नोटिशीत सगळे उघडे पडले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

लग्नात आपण मुलीबरोबर तिचे कागदही देऊन टाकतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. माझ्या मुलीच्या कागदांची फाईल मीच जावयाच्या हातात दिली होती. पेटीचा पंचनामा करून आलो त्या संध्याकाळी तिला फोन केला. तुझे आयकराचे विवरणपत्र कोण भरते, म्हणून विचारले.

‘हेच भरतात, बाबा. मी कधी बघितलंच नाही.’

आमचा जावई भला माणूस आहे. चितेगावच्या त्या बापालाही आपला जावई भलाच वाटला होता.