टेकडीवरचा विस्तव

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं माझं आणि मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बोलणं गॅस सिलिंडर, गेटची किल्ली आणि कूलरमधलं पाणी यांच्यापुढे कधी गेलं नाही. भांडण अजिबात नव्हतं. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले, मी मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत. बोलणार तरी काय?

रविवारी दुपारी मात्र प्रताप नगरातल्या आमच्या हॉलमध्ये मी भरपूर बोलायचे. मी, नवरा, माझी ऑफिसातली मैत्रीण आणि शेजारचे वकील असे आम्ही चौघं एक खेळ खेळतो. मी एका कल्पित देशाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले प्रवासी व्हायचं, आणि एखादं काम जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. नवरा तलवारबाज, मैत्रीण वैदू. वकिलांनी चोराची भूमिका स्वतःहून मागून घेतली होती.

त्या दिवशी देशाची राणी आजारी पडली होती आणि तिच्यासाठी पवित्र टेकडीवरचा विस्तव आणायचा होता. मी रंगात येऊन टेकडीचं वर्णन करत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीत मामाजींचा पेपर खाली आला.

"ही टेकडी पवित्र काहून आहे वं?"

मी गडबडले. "आहे ना, मामाजी. पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून कसं काय? कोणीतरी पहिल्यांदा चढला असंल ना तिच्यावर? तो काहून चढला?"

"प्रश्न रास्त आहे," वकील म्हणाले.

पुढच्या रविवारी सांगते, असं मी म्हणाले आणि ऑफिसच्या कामात साफ विसरले. गुरुवारी सकाळी डब्याशेजारी एक शंभर पानी वही दिसली. पहिल्या पानावर मामाजींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'टेकडीचा इतिहास'. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले आणि ऑफिसला उशीर झाला.

त्या देशात धुकं फार, असं मामाजींनी लिहिलं होतं. एका बाईचा नवरा धुक्यात वाट चुकला तो परतलाच नाही. निदान दुसऱ्यांची माणसं घरी यावीत म्हणून ती रोज टेकडीवर लाकडं नेऊन जाळ करायची. वाट सापडलेली माणसं दुसऱ्या दिवशी आपणहून लाकडं घेऊन यायची. देव थेट सहाव्या पानावर आला. बाईनंतर राखणदार नेमले गेले, तीन शिफ्टमध्ये. मग एका पहाटे एका राखणदाराचा डोळा लागला, पाऊस आला आणि विस्तव विझला. त्यानं घाबरून गारगोटीनं नवा पेटवला आणि ही गोष्ट फक्त पुढच्या राखणदाराला सांगितली. त्यानं त्याच्या पुढच्याला. लोक अजून समजतात की बाईचाच विस्तव जळतोय.

संध्याकाळी मी विचारलं, "मामाजी, तुमचा डोळा लागला होता का कधी ड्युटीवर?"

"कधीच नाही. पण भेव रोज वाटे," ते म्हणाले. "त्या राखणदाराचं मीच बोलतो रविवारी. तुले जमनार नाही."

आणि खरंच, रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते आमच्यात येऊन बसले. प्रवासी टेकडीवर पोचले आणि राखणदारानं त्यांना सगळं खरं सांगून टाकलं.

वकील उसळले. "ही तर फसवणूक झाली! आम्ही साधा विस्तव न्यायला आलो का?"

"धुक्यात वर कसे आले तुम्ही?"

"जाळ दिसला म्हणून."

"मग?" मामाजी म्हणाले.

वकील हातातला फासा उलटसुलट करायला लागले. शेवटी मैत्रीण म्हणाली, "विस्तव नेऊ या. पण राणीला खरं सांगूनच देऊ." सगळ्यांना पटलं. आता राणी बरी होते का, ते फासा सांगणार होता, आणि तो मामाजींनी टाकावा असं ठरलं. त्यांनी इतक्या जोरात टाकला की तो थेट सोफ्याखाली गेला. नवरा मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर पालथा पडला.

"एकोणीस!" तो आतून ओरडला.

आम्ही टाळ्या पिटल्या. मामाजींनी हात वर केला. "थांबा. सोफ्याखालचं मी नाही धरत. पुन्हा टाकतो."

"अहो, एकोणीस आहेत!" मैत्रीण कळवळली. पण ते ऐकेनात. यावेळी अलगद टाकला. सात.

सगळे माझ्याकडे बघत होते. साताला राणी बरी होत नाही, हा नियम मीच केलेला. पण ती मरते असं मी कुठंच म्हटलं नव्हतं.

"राणी उठून बसली," मी म्हणाले. "चालता येत नाही अजून."

"बसली ना?" मामाजी खूश झाले. "मग तिले गरम पेज द्या आधी."

आता ते दर रविवारी खेळतात. त्या टेकडीवर विहीर आहे की झरा, यावरून गेला आठवडाभर आमचा वाद चालू आहे. नकाशा मी काढलाय, त्यामुळे विहीरच आहे. ते म्हणतात, इतक्या उंचावर विहीर कोण खोदून राहिलं होतं, ते आधी सांग.