शब्दाची जागा

सत्तरच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे सटाण्याकडचे, रंगात आले की बोलण्यात अहिराणी डोकावायची. भिंतीवरच्या तक्त्यांवरून ते इंग्रजी शब्द शिकत, पण त्यांची एक अट होती. शब्दाला अंगावर जागा हवी. ‘टॉन्सिल’ म्हणताना बोट जबड्याखाली जाई, ‘स्प्लीन’ म्हणताना डाव्या बरगडीवर. जागा नसलेला शब्द ते सरळ परत करायचे. मी इंग्रजीचा मास्तर. मी हौसेनं दिलेले ‘होप’ आणि ‘ऑनर’ त्यांनी असेच परत केले होते.

एकदा खोडी काढावी म्हणून मी विचारलं, “मामा, इम्युनिटी कुठे असते?”

दोन दिवस ते भिंतीवरच्या तक्त्यांवर ती जागा शोधत होते. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आले, बाही वर सारली आणि दंडावरच्या गोल वणावर बोट ठेवलं.

“आठे शे, सर. गावात देवीची साथ होती. लस टोचणारा आला तेव्हा ताई कणगीमागे लपली. मी सापडलो, म्हणून आज इंग्रजी शिकतोय.”