गव्हावर दळलेली ज्वारी

माझ्या धाकट्या बहिणीला गहू बाधतो, हे बारामतीच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासून सांगितलं तेव्हा ती सहावीत होती. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, आणि तेही जन्मभर. आम्ही पिंपळी गावची, ज्वारीची भाकरी खाणारी माणसं. आईला वाटलं, थोडक्यात निभावलं.

पण जुलाब थांबेनात. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय नुसत्या काड्या. शाळेतून ती मधेच घरी पळत यायची, दप्तर पोटाशी धरून, कधी वाटेतच कपडे खराब व्हायचे. आईनं तिचं ताट, परात, तवासुद्धा वेगळा केला होता. एवढं करूनही गुण येईना म्हटल्यावर आईनं एकच अर्थ काढला, पोरगी चोरून चपाती खाते.

मग चपात्यांचा डबा कुलपात गेला. पाहुण्यांसमोरसुद्धा आई म्हणायची, "जीभ आवरत न्हाय हिची. आमी करून करून किती करायचं?" माझं डोकंच फिरायचं. शाळेत, घरी, झोपताना मी तिच्याबरोबर असायचे. तिनं चपातीला बोट लावलेलं मी कधी पाहिलं नाही. तसं सांगितलं की आई म्हणायची, "तू तिची वकीलच हाईस."

एकदा जेवताना आईनं पुन्हा विचारलं. बहीण खाली मान घालून म्हणाली, "व्हय, खाल्ली." आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला, पण आईचा चेहरा मोकळा झाला. तोंडघशी पडले ती मी. पुढं कितीतरी दिवस मी बहिणीशी धड बोलले नाही.

ती आणखी वाळली. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दळण कसं आणता? "गिरणीतनं," आई म्हणाली. "आधी गहू, मग त्याच्यावर ज्वारी." आमच्याकडं सगळ्या बायका हेच करतात. ज्वारीवर गहू दळला तर चपाती तुटते, म्हणून गव्हाचा नंबर पहिला. गिरणीत मागं राहिलेलं गव्हाचं पीठ दर वेळी हिच्या ज्वारीत उतरत होतं. दोन्ही वेळच्या भाकरीतून आम्हीच तिला गहू चारत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, पोट सावरेल, पण उंचीचं आता काही खरं नाही.

घरी आल्यावर आई तिच्यासमोर बसली.

"मग तू खाल्ली म्हणून का म्हणालीस गं?"

"न्हाय म्हटलं की तू रडायचीस," बहीण म्हणाली. "खाल्ली म्हटलं की तुला वाटायचं, आता मी बरी हुईन."