चार-चार कण

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परागकणांच्या काचपट्ट्या करणाऱ्या त्या माणसाला सगळे परागकाका म्हणत. शिक्षण बेताचं, पण हात असा की मोठमोठे प्राध्यापकही ‘काकांकडून करून घ्या’ म्हणून मोकळे व्हायचे. पराग आम्लात उकळायचा, काचकांडीनं ढवळायचा, थेंब पट्टीवर ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं, एकदा करून बघा म्हणजे कळेल.

गेल्या वर्षापासून तो हात थरथरत होता. घरी बायको मुकाट्यानं कप अर्धाच भरायची. प्रयोगशाळेत मात्र काकांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. हे टेबल सुटलं तर करायचं काय, या विचारानंच त्यांना धडकी भरायची.

पीएचडी करणारी एक मुलगी सीताफळ, रामफळ आणि त्यांच्या भावंडांचे परागकण ताडून बघत होती. या घराण्यात चार कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. त्या दिवशी तिनं रामफळाची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खुर्चीतून उठलीच. आधी तिच्या मार्गदर्शक सरांना बोलावून दाखवलं, मग काकांना हाक मारली.

“काका, रामफळाचे कण सुटे आहेत. सर म्हणाले, लगेच लिहून काढ.”

काकांनी डोळा लावला. प्रत्येक कणाची एक बाजू फाटलेली. सुटे कसले, तुटलेले होते ते. ढवळताना हात हलला होता आणि चौकड्या फुटल्या होत्या. काका गप्प बसले असते तर आज कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पुढेमागे कुणीतरी पुन्हा तपासलं असतं आणि पोरीचं हसं झालं असतं.

“लिहू नकोस, बाळ,” ते म्हणाले. “कडा बघ, फाटल्यात. रामफळाचं काही नाही, माझं चुकलंय.” आणि त्यांनी थरथरता हात तिच्यासमोर धरला.

तिचा चेहरा पार उतरला. मग तिनं बरणीतलं दुसरं फूल काढलं.

“सांगा, कसं करू?”

काका हात खिशात घालून शेजारी उभे राहिले. “ढवळायचं नाही. नळी नुसती कलती कर. अगं सावकाश, आपली काय गाडी चुकत नाहीये.”

दुपारी पट्टीवर चार-चार कण एकमेकांना धरून बसलेले दिसले. तिनं चिठ्ठी चिकटवली आणि ‘तयार करणारे’ या शब्दांपुढे काकांचं नाव लिहिलं.

“अगं, हात तुझा होता,” काका म्हणाले.

“हात माझाच असणार आता,” ती म्हणाली. “उद्या दहाला या. लक्ष्मणफळ राहिलंय.”